रावेरच्या बागेतली रांग

वासंतीची हातगाडी पार्सलच्या डब्यातून भुसावळला पोचली, मागोमाग आम्ही. नव्वदच्या दशकाची सुरुवात, डिसेंबर. वासंती डिझायनर. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कुणाचं ओझं उचलते, हे ती आधी बघायची. रावेरकडे बायका केळीचे घड डोक्यावरून वाहतात हे कळल्यावर वर्षभर खपून तिने एका चाकाची गाडी बनवली होती. एका संस्थेने त्यासाठी मदत दिली होती. मला फक्त केळीचा मुलूख पाहायचा होता.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा आणि भुसावळहून पॅसेंजर धरा. एसटीपेक्षा स्वस्त, आणि खिडकीतून सातपुडा दिसत राहतो. सावद्यानंतर दोन्ही बाजूंना केळीच केळी. रावेरच्या स्टँडसमोर भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मिळाली. भरिताने डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी एक केळं पुढे केलं.

सकाळी बागेच्या मालकांचा, आबांचा, ट्रॅक्टर घ्यायला आला. बागेत नऊ बायकांची टोळी होती. गाडी पाहून एकीने, हिच्यात बसवून मला माहेरी सोड, अशी मागणी केली. सगळ्या हसल्या. गाडी मात्र छान चालली. आबा खूश होते. आता चौघींत भागेल, असं ते सहज म्हणून गेले.

मग बायकांनी त्यांच्या पद्धतीने काम सुरू केलं. कुणीच शेतापासून ट्रकपर्यंत पूर्ण चालत नव्हती. पहिली घड घेऊन थोडं अंतर जायची, तो दुसरीच्या डोक्यावरच्या चुंबळीवर द्यायची आणि मागे फिरायची. दुसरी तिसरीला. लांबचा टप्पा तरण्या पोरींचा. तान्हं मूल असलेलीचा टप्पा झाडाला बांधलेल्या झोळीजवळ. ट्रकपाशी शेवटची जागा अक्काची. तिची साठी उलटलेली. आलेला घड वाळल्या पानांवर निजवायचा आणि साल खरचटू नये म्हणून वरून पानं घालायची, एवढंच तिचं काम. मजुरी सगळ्यांना सारखी. हे कुणी ठरवलं, असं मी विचारलं. कुणाला आठवत नव्हतं.

दुपारी जेवताना अक्काने गाडीच्या दांड्यावरून हात फिरवला. वासंतीकडे पाहिलं.

"बाई, तुही गाडी चांगली हाये. पन मंग मी कुठी उभी राहू?"

आवाजात तक्रार नव्हती. बाकीच्या खाली बघून जेवत राहिल्या.  जेवण झाल्यावर वासंतीने एक चुंबळ मागून घेतली आणि रांगेत उभी राहिली. तिसऱ्या घडाला तिची मान अवघडली. वाटेत आडव्या आलेल्या पाण्याच्या पाटाच्या चिखलात ती घसरली आणि घड वाचवताना गुडघा फोडून घेतला. बायकांनी हसत तिला उठवलं. त्रास तिथेच होता, पाटावर. रोज कुणीतरी पडायचं.

दुसऱ्या दिवशी तिने गावातल्या सुताराला बोलावलं आणि गाडी सुटी केली. तिची फळी पाटावर टाकली, पाय घसरू नये म्हणून वर आडव्या पट्ट्या ठोकल्या. आबांना ते पटलं नाही. एवढी चांगली गाडी मोडली, असं ते दोनदा म्हणाले. वासंती म्हणाली, "आबा, ती चौघींसाठी होती. इथे नऊ जणी आहेत." टोळी नऊचीच राहिली.

परतीच्या गाडीत ती संस्थेसाठी अहवाल लिहीत होती. पानभर लिहून तिने ते खोडलं आणि रांगेचं चित्र काढलं: नऊ ठिपके, शेवटचा ट्रकजवळ.

घरी आल्यावर लोकांना मी केळीबद्दल, भरिताबद्दल सांगते. ऐकायला ते बरं वाटतं. पुढे वासंतीबरोबर आणखी दोन गावं पाहिली. दोन्हीकडे तिने पहिल्या दिवशी आराखड्यांची वही बाहेर काढली नाही. आपल्या वस्तूने कुणाची जागा जाईल, ते ती आधी शोधत होती.