सोमवारची हजेरी

गणपत गेल्याचं मला आमच्या कापसाच्या जिनच्या फाटकावर कळलं. एक हमाल डोक्यावरचं पोतं न उतरवताच म्हणाला, "दिवाणजी, गणपतभाऊ गेले..." त्याला महिना झाला. इतकी वर्षं बोललो नाही, ते आज लिहून टाकतो.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या हंगामात तो चोरीची शिक्षा भोगून नेरला आला. सुटलेल्या माणसाला दर सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी द्यावी लागे. आणि आमच्या जिनात सोमवारी सकाळच्या भोंग्याला जो हजर नाही, त्याला आठवडाभर काम नाही. नावं मी लिहायचो. पहिल्याच सोमवारी तो भोंगा होऊन गेल्यावर धापा टाकत आला. मला कारण ठाऊक होतं, तरी सगळ्यांदेखत विचारलं, "उशीर काहून झाला रे?"

"ठाण्यात गेलतो, दिवाणजी. जमादार नवाशिवाय येत नाही. दोन तास द्या, सांजच्याले भरून देतो."

"सासुरवाडीले गेलता म्हना ना!" मागून कोणीतरी ओरडलं. मीही हसलो आणि नाव कापलं. दोन तास देणं माझ्याच हातात होतं... असे चार सोमवार गेले. मग त्यानं दुकानाचं कुलूप तोडून ज्वारीचं पोतं नेलं आणि पुन्हा आत गेला. "सवय कुठे जाते!" चारचौघांत असं म्हणणारा मीच.

दुसऱ्यांदा सुटून आला, तेव्हा मी मुकाट्यानं त्याला सोमवारची सूट दिली. माफी मागितली नाही. पुढच्या हंगामात तुरुंगातून सुटलेला आणखी एकजण असाच उशिरा आला. "एकाला दिली म्हणून सगळ्यांना नाही," मी म्हणालो. गणपतनं पाठीवरचं ओझं खाली ठेवलं.

"मग माह्यं नाव कापा, याचं लिहा. मले आता गावात कोनीबी कामाले हाक मारते. याले कोन हाय?"

मी नावं बदलली. त्याच्या घरी तीन लेकरं. तरी तो आठवडाभर सडकेवर गिट्टी फोडत बसला. माझ्याच्यानं एक ओळ लिहवत नव्हती, आणि या माणसानं आपली भाकर उचलून दुसऱ्याच्या हातात दिली! तेव्हापासून सोमवारी दहापर्यंत मी कोणाचं नाव कापलं नाही. त्यानं मला कधी टोमणा मारला नाही. त्याचंच जास्त ओझं होतं.

गेल्या सोमवारी एक नवा माणूस दहाच्या सुमारास आला, मान खाली घालून. मी नाव लिहून घेतलं. तो तिथेच घुटमळला.

"उशीर काहून झाला, इचारलं नाही तुमी?"

"एकदा विचारलं होतं," मी म्हणालो.