शकूची भूक

प्रार्थनेची घंटा व्हायची होती. मुली मैदानावर चुन्यानं कबड्डीच्या रेषा आखत शकूची वाट पाहत होत्या. तेवढ्यात तिच्या शेजारच्या काकू धापा टाकत फाटकातून आत आल्या. "सुमनबाई, शकूताई गेल्या हो... चहा गाळता गाळता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत." त्याला आता काही आठवडे झाले, तरी ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

शकुंतला आमच्या सातपूरच्या शाळेत खेळ शिकवायची, मी मराठी. तिचे यजमान नामदेवराव कारखान्यात फिटर. लग्नाआधी ती चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकायच्या. बाळंतपणानंतर तिचं अंग सुटलं, पण त्याची तिला फिकीर नव्हती. एका वर्षी मात्र जिल्ह्याच्या स्पर्धेत प्रमुख पाहुणे भर माईकवर म्हणाले, "बाई, मुलींना पळवता, कधी स्वतः पळून दाखवा की!" सगळा मांडव हसला. शकूही हसली. परतताना बसमध्ये ती शाळा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

मग तिनं शहरातल्या एका डॉक्टरकडून भूक मारण्याच्या गोळ्या आणल्या. पहिले काही दिवस जादूच वाटली. तिचा डबा आम्हीच संपवायचो. "अगं, जेवणाची आठवणच होत नाही," ती म्हणायची. पहाटे उठून धुणं, केर, स्वयंपाक उरकून शाळेत यायची आणि दिवसभर अखंड बोलत राहायची. साड्यांचे ब्लाऊज आत घ्यावे लागले, तेव्हा तिनं आम्हाला पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही.

डॉक्टरांनी थोडेच आठवडे घ्यायला सांगितलं होतं, मधे तपासायलाही बोलावलं होतं. ती परत गेलीच नाही. दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. हळूहळू वजन उतरायचं थांबलं, तशी एकीच्या दोन झाल्या. तोंडाला कोरड, हाताला कंप, रात्ररात्र झोप नाही... मुलींवर कधी आवाज न चढवणारी शकू शिट्टी फेकून ओरडायला लागली. दिंडोरीला सामना होता, तिथं ती छाती धरून मटकन बसली, तेव्हा मी तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं बीपी दोनदा मोजलं. "ताई, या गोळ्या पोटावर काम करत नाहीत, मेंदूवर करतात," त्या म्हणाल्या. "संकट आलंय असं शरीराला वाटतं. मग भूक दबते, झोप उडते, काळीज धावत सुटतं. तुम्ही निवांत बसलात तरी ते धावतंच. शिवाय सवय लागते. तुमचं बीपी वाढलेलं आहे, तुम्हाला तर या चालणारच नाहीत."

शकूनं गोळ्या सोडल्या. मग कित्येक दिवस ती नुसती झोपून होती. भूक दुपटीनं परतली, वजनही. एकदा कोशिंबीर चिरता चिरता रडायला लागली. "सुमन, कशातच जीव लागत नाही गं..." हेही गोळ्या सोडल्यामुळेच, पुढं निवळेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. निवळलंही.

पण यंदा तिच्या मुली राज्यस्पर्धेला निवडल्या गेल्या. संचलनात संघापुढं बाईंना चालायचं होतं. मुली जिंकून आल्या. शकू बारीक दिसत होती, डोळे चमकत होते. "नीट आहेस ना?" मी विचारलं. "आता तरी हसलं नाही कुणी," ती म्हणाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यामागं सापडलं. गोळ्यांनीच झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शकूच्या नावानं बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली. घरात नामदेवराव, त्यांची शाळकरी वैशाली आणि मी. मी पानं वाढली. वैशालीनं ताट सरकवलं. "भूक नाही."

नामदेवराव दचकले. मग तिच्यासमोर मांडी घालून बसले, भाकरी मोडली. आधी दुसऱ्याच्या ताटात चतकोर ठेवायचा आणि मगच आपण घास घ्यायचा, ही शकूची जेवायची रीत. त्यांनी चतकोर लेकीच्या ताटात ठेवला.

"नसू दे भूक," ते म्हणाले, "माझ्यासाठी खा."

तिनं घास तोंडात घातला. तो गिळेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले... आणि मगच त्यांनी आपल्या ताटाला हात लावला.