ताकद वाढली की मार वाढतो

आमचे हे भित्रे, हे मी लग्नातच वळखलं होतं. घोडीला भ्याले आन् पायीच मांडवात आले. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागले तरी स्वभाव तोच. तिकडं लाल तापलेली सळई चिमट्यानं धरायची, इकडं घरात पालीला भ्यायचं! पण माझ्यावर कधी आवाज चढवला न्हाई, हात तर लांबच. मला तेवढं बस होतं.

दोन हजार आठ सालची गोष्ट. ह्यांच्या चिमट्यातून सळई निसटली आन् मुकादमानं, त्या अप्पारावानं, सगळ्यांदेखत ह्यांच्या कानाखाली वाजवली. मंग पुढं पाळी सुटली की संपतकडं जाऊ लागले. संपत ह्यांचा आत्येभाऊ, बसस्टँडजवळ त्याचं नेट कॅफे. मला वाटलं, बरं झालं, तेवढंच मन रमंल.

एकदा भांडी घासता घासता कानावर आलं. हे मोबाईलवर संपतला सांगून राह्यले होते, "नुसती तलवार भारी घेऊन भागत न्हाई. अंगात ताकद पाहिजे. ताकद वाढली की मार वाढतो." अगं बाई! माझ्या हातातली परात खाली पडली. मधून अप्पारावचं नावही ऐकू आलं. गरीब गाय पोटात पाय म्हणतात, ते हेच का? विचारायची हिंमत बिलकुल झाली न्हाई. कुऱ्हाड, विळा, इळी, सगळं उचलून ज्वारीच्या कोठीत दडवलं. भाजी शेजारच्या मालनबाईच्या इळीवर चिरू लागले. ती म्हणायची, तुझी इळी माहेरी गेली का? मी हसून येळ मारून न्यायचे.

एका दुपारी हे कामावरून आले, वाढलेलं ताट सारलं आन् संपतला फोन लावला. "अप्पाराव गेला. एका घावात गेला. माझीच चूक." एवढं बोलले, चपला घातल्या आन् निघून गेले.

पोलीस, बेड्या, सगळं डोळ्यापुढं दिसू लागलं. टेम्पोत बसून कारखाना गाठला. गेटवर पाहते तर अप्पाराव उभा, तोंडात पान, कुणाला तरी शिव्या देऊन राह्यलेला! ज्या माणसाला इतके दिवस पाण्यात पाहिलं, त्याला जिता पाहून मी चक्क हात जोडले. त्याला काही कळलं न्हाई.

तिथून तडक संपतकडं गेले. हे पडद्यापुढं मान घालून बसलेले, पडद्यावर एक दांडगा गडी तलवारीसकट आडवा पडलेला. संपतनं मला स्टूल दिलं आन् समजावलं. नेटवरचा खेळ हाये, लांबलांबची माणसं त्यात एकमेकांशी लढतात. लढाया जिंकून गडी जसा वरच्या पायरीला चढतो तसे गुण मिळतात. ते ताकदीत टाकले की आपला घाव जोरात लागतो, जिवात टाकले की दुसऱ्याचा मार सोसता येतो. ह्यांनी सगळे ताकदीतच टाकले, म्हणून त्यांचा गडी मारतो जबर आन् मरतोही एका घावात.

मला हसावं का रडावं कळंना. मी म्हणलं, म्हणजे मुकादमाला इथं बसून मारता व्हय?

"मारतील कशाला, वहिनी?" संपत म्हणला. "अप्पाराव म्हणजे हे आपले भाऊच. खेळात हे नाव त्यांनीच घेतलं. आज मी बाहेर होतो, तवा कामावरून येताना इथं बसले आन् हाच गडी एका घावात गेला."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. सोताचं नाव का न्हाई घेतलं, म्हणून विचारलं.

"आधी घेतलं होतं," हे म्हणले. "त्या नावानं हात उचलंना."

तेवढ्यात ह्यांनी बटन दाबलं आन् पडद्यावरचा मेलेला गडी परत उठला. समोर कुणीतरी नवखं नुसतं उभं होतं, लढतही नव्हतं. ह्यांनी त्याला एका घावात लोळवलं आन् हसले. ते हसू मी घरात कधी पाहिलं नव्हतं. मला परत भीती वाटली, आता माझ्याच जिवाची.

घरी आले. मालनबाईची बोलणी नकोत म्हणून कोठीतून इळी काढली. कुऱ्हाड आन् विळा तिथंच राहू दिले.