ती योगवाली नव्हती

विमल गेल्याचा निरोप घेऊन आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "मुलुंडच्या त्या योगवाल्या बाई गेल्या हो." विमलने हे ऐकलं असतं तर ती उठून बसली असती, आणि तेही हात न टेकता. तिने आयुष्यात एक आसन केलं नाही. योगाशी तिचं वैर नव्हतं. पण तांदळाला गहू म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, त्याला जेवायलाच बोलावू नये, असं तिचं मत होतं. पुढे शोकसभेत एका वक्त्याने तिला 'योगिनी' केलं आणि दुसऱ्याने 'कसरतपटू'. दोघांनाही खुर्चीतून उठताना शेजाऱ्याचा हात लागला.

विमल माझी आतेबहीण. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं न्यूयॉर्कला होती. तिथे तिची पाठ धरली, तेव्हा कुणीतरी तिला पिलाटिस नावाचा व्यायाम शिकवणाऱ्या जागी नेलं. पाठ सुटली, व्यायाम मात्र सुटला नाही. नवरा वारल्यावर, एकोणीसशे सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला, ती एक ट्रंक आणि ही विद्या घेऊन मुलुंडला परत आली आणि महिला मंडळाच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. त्यावरच तिचं घर चालायचं. नावाचं पहिल्याच आठवड्यात 'पायलट' झालं. "विमानातले लोक करतात तो ना?" असं एका बाईंनी विचारलं तेव्हा विमल म्हणाली, "हो. तुम्ही आधी जमिनीवरून तर उठा."

तिची रीत जुनी होती. सतरंजीवर उताणं निजायचं, कमरेखालची पोकळी घालवून कणा जमिनीला चिकटवायचा, पोट आत ओढून एकेक मणका सोडवत वर यायचं. व्यायामांचा क्रम ठरलेला. त्यात कुणाच्या लाडासाठी बदल नाही. स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या बाकावरचाही एक प्रकार असतो, तो तिला येत होता, पण तसा बाक मुलुंडला कोण करून देणार? एका सुताराला तिने तो समजावून सांगितला, तर त्याने पाळणा करून आणला.

मग माधुरी मॅडम आल्या. घाटकोपरच्या. लंडनला बहिणीकडे एक उन्हाळा काढून आलेल्या. त्यांचा पिलाटिस 'सुधारित'. त्यात कणा चिकटवायचा नाही, कमरेची नैसर्गिक पोकळी तशीच ठेवायची. या म्हणण्यात काही तथ्य असेलही, मला ठाऊक नाही. कारण मॅडम कुणालाच निजवत नसत. उभ्याउभ्या, खुर्चीची पाठ धरून, रेकॉर्डवर सिनेमाची गाणी लावून पाय हलवायचे. साडीची निरीही मोडत नसे. आमच्या बायकांना हे भयंकर आवडलं. घाम न येता बारीक व्हायचं वचन कुणीही दिलं तरी त्यांना आवडलं असतं.

"दोघींची स्टाइल वेगळी आहे गं," मंडळाच्या अध्यक्षीण बाई विमलला समजावू लागल्या.

"स्टाइल केसांची असते," विमल म्हणाली. "कण्याला कसली स्टाइल?"

हॉल एकीलाच मिळणार होता. दोघींनी करून दाखवायचं ठरलं. माधुरीबाईंनी गाण्यावर पाय हलवले, टाळ्या पडल्या. मग विमल सतरंजीवर निजली. तिने डोळे मिटले, श्वास सोडला, आणि आम्ही सगळ्या नीट दिसावं म्हणून भोवती गोल करून बसलो... नेमक्या त्याच वेळी अध्यक्षीणबाईंच्या मालवणी सासूबाई नातीला शोधत आत आल्या. आमच्यात माणूस जायला टेकला की त्याला खाटेवरून जमिनीवर घेतात. भोवती गप्प बसलेल्या बायका आणि मधे उताणी विमल बघून म्हातारीने कपाळाला हात लावला.

"अगो बाय माझे, ही कधी गेली गो? माका कोणीच कसा सांगूक नाय!"

आणि कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या माठातलं भांडंभर पाणी आणून तिने विमलच्या तोंडात घातलं. विमलने ते गिळलं. डोळे उघडले नाहीत. "आजी, अजून गेले नाही," ती म्हणाली. "एवढं संपवते, मग बघू." आणि एकेक मणका सोडवत उठून बसली.

इतकं शुद्ध काम त्या हॉलने पुन्हा पाहिलं नाही. पण बायका हसून लोळत होत्या; त्यानंतर त्या हॉलच्या जमिनीवर त्या पुन्हा लोळल्या नाहीत. जिवंत माणसांना ओळीने जमिनीवर निजवणं अशुभ, असं त्या रात्री घरोघर ठरलं आणि हॉल माधुरी मॅडमना मिळाला. विमलने एका शब्दाने भांडण केलं नाही. स्वतःच्या खोलीतली खाट गॅलरीत उभी केली आणि रिकाम्या फरशीवर दोघीदोघींना शिकवू लागली. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला भरली बादली उचलता येत नव्हती. तिने मला वर्षभर त्या फरशीवर निजवलं, शिव्या दिल्या आणि सरळ केलं. प्रेमाने वगैरे नाही. वाकडं काही तिला बघवत नसे, एवढंच. मिळकत अर्ध्यावर आली तेव्हा मी म्हटलं, "थोडी गाणी लाव की गं." तर म्हणाली, "मग श्वास कुणाचा ऐकू, त्या गाणाऱ्या बाईचा?"

शोकसभेत माधुरी मॅडमही बोलल्या. "आम्ही दोघी एकाच झाडाच्या फांद्या." लोकांनी रुमाल काढले. सभा संपल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं. कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तुम्हाला विमलताईंचा तो क्रम येतो ना?"

"येतो. का?"

"माझी पाठ गेलीय हो." मग आवाज आणखी खाली आणून, "कोणी बघणार नाही ना?"

विमलची खोली महिनाअखेरीला सोडायची आहे, किल्ली माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना तिथे नेलं. खाट गॅलरीतच होती. फरशी गार होती. त्या बराच वेळ कुरकुरत अखेर निजल्या. मी त्यांच्या कमरेखाली हात घातला, तर पलीकडे निघाला.

"इथे विमलताई काय सांगायच्या?" त्यांनी फार नम्रपणे विचारलं.

"म्हणायची, म्हशी, पोट आत घे."

मॅडमनी पोट आत घेतलं.