चतुर्दशीची पाने

सुरेखाबाई लग्न होऊन सिडकोतल्या त्या घरात आल्या, तेव्हा चुलत सासऱ्यांविषयी त्यांना एवढेच सांगण्यात आले, की ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पुढे त्यांचा नवरा गेला, तेव्हाही सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, दारात जमलेल्यांना तेच सांगितले. नवऱ्याने स्वतः जीव दिला, हे ठाऊक असून सुरेखाबाईंनी पदर सारखा करून मान हलवली. मुलगा ऋतुराज लहान होता. त्याच्यासाठी हेच बरे, असे त्यांच्या गळी उतरवले गेले होते.

मात्र दर पितृपक्षात काकासाहेब त्या दोघांची पाने चतुर्दशीला वाढायला लावत. ती तिथी घातपाताने, अपमृत्यूने गेलेल्यांची. माणसांशी खोटे बोलणारे काकासाहेब पितरांशी खोटे बोलत नसत.

या वर्षी गणपती उठले आणि शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या ऋतुराजचे जेवण सुटले, झोप उडाली. एक दिवस तो आईला म्हणाला, "मी नसलो तर तुझं सोपं होईल." त्याच दिवशी सुरेखाबाईंनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. काकासाहेब हट्टाने सोबत आले.

ऋतुराजला बाहेर परिचारिकेजवळ बसवून डॉक्टर मुनिरा यांनी विचारले, "घराण्यात कुणी आत्महत्या केली होती?"

"नाव काढू नका, मॅडम. खानदानी लोक आहोत आम्ही. आमची माणसं झटक्यानं गेली," काकासाहेब म्हणाले.

"मग मामंजी, पानं चतुर्दशीला कशापायी वाढायला लावता?"

"सूनबाई, तोंड सांभाळा."

"घरी गेल्यावर सांभाळते. इथं बाहेर माझं पोरगं बसलंय." आणि सुरेखाबाईंनी सगळे सांगून टाकले.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकले. "हा धोका काही अंशी रक्तातून येतो," त्या म्हणाल्या, "पण ते नशीब नव्हे. मेंदूतलं कोणतं जनुक किती काम करतं, ते मनावरच्या ताणानंही बदलतं. कुणाचं काय होणार, हे सांगणारी तपासणी नाही. म्हणून घरातलं खरं कळावं लागतं. याला उपचार आहेत, काकासाहेब."

उपचार सुरू झाले. ते लपणारे नव्हते. तेव्हा काकासाहेबांनी भावकीत सांगितले, की हा दोष सुनेच्या माहेरचा. ते त्या माहेरी, पैठणला, पोहोचायला कितीसा वेळ! सुरेखाबाईंच्या भावाचा, कचरूचा, फोन आला.

"ताई, आपल्यात कोण गेलं गं असं? पोरीचं जमलेलं मोडलं. पाव्हणे फोन उचलंनात."

"कुणी नाय रे."

"मग सासऱ्याला बोल की चारचौघांत!"

त्या घरीच बोलल्या. काकासाहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "पोराच्या औषधाला मी आडवा आलो का? मग एवढं सोसा. नाहीतर सांगतो त्याला, त्याचा बाप कसा गेला ते."

सुरेखाबाईंनी सोसले. पोराला नुकताच कुठे घास गोड लागू लागला होता.

भाऊबीजेला कचरू आला नाही.

"मामा का नाय आला?" ऋतुराजने विचारले.

"एसटी मिळाली नसंल." बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचा आवाज काकासाहेबांसारखा वाटला. ओवाळणीचे ताट बाजूला सारून त्या त्याच्यासमोर बसल्या आणि मामाचे, मोडलेल्या लग्नाचे, शेवटी त्याच्या वडिलांचे, सगळे त्यांनी सांगितले.



"बाबांचं मला सातवीपासून माहीतंय, आई. वर्गातली पोरं चिडवायची. तू रडशील म्हणून विचारलं नाय."