चौघांचे चार अर्धे दिवस

जिजा गुजरातच्या सीमेवर अच्छाडच्या नाक्याजवळ एका ढाब्यावर रोट्या करते, त्याला अकरा वर्षं झाली. पहाटे चारला उठून ती पाड्यावरून चालत हायवेला येते आणि दुपारी तीनपर्यंत तव्यासमोर असते. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून तिची गुजराती इतकी साफ झाली आहे, की कुठे अडलं तर मालकही तिलाच पुढे करतो. ती स्वतः मात्र वापीच्या पुढे कधी गेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात तिने घरात विषय काढला. नवरा काकड्या चिखल्याच्या एका चिकूवाडीत राखणीला असतो. शनिवारी घरी येतो. तो आला होता, म्हणून तिने तेव्हाच सांगून टाकलं.

"नाताळच्या सुट्टीत चौघांनी एखाद्या शहरात जाऊन यायचं. निधी बारावीनंतर बाहेर जाईल, तिच्यामागून मनिष. मग आपण चौघं एका जागी सापडायचो नाही."

मनिष नववीत होता. त्याला मुंबई हवी होती. निधीला पुणं. काकड्या म्हणाला, "सुरत जवळ पडेल."

जिजाने ढाब्यावर चौकशी केली. उमेश नावाचा ड्रायव्हर महिन्यातून दोनदा गुजरातेतून टाइल्स घेऊन यायचा. तो म्हणाला, "जिजाबेन, बडोद्याला जा. मराठी लोक पुष्कळ, खाणं स्वस्त, आणि सगळं जवळजवळ आहे." बडोदं ठरलं.

निधी मोबाईलवर खोल्या शोधायला बसली. राजवाड्याचं महाग तिकीट बघून तिनेच तो बघायच्या जागांच्या यादीतून काढला. राहिलेल्या यादीवरून दोघा भावंडांची जुंपली, तेव्हा जिजाने मध्ये पडून वाटणी केली. दोन रात्री राहायचं, म्हणजे हातात चार अर्धे दिवस. प्रत्येकाला एक. ज्याचा अर्धा दिवस असेल तो म्हणेल तिथे बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता जायचं.

मनिषने मॉल घेतला. निधीने मोठ्या घुमटाचं विद्यापीठ. काकड्याने बराच विचार करून सांगितलं, "त्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे म्हणतात. तो बघू."

"आणि तुझं?" निधीने विचारलं.

"तिथे गेल्यावर बघू," जिजा म्हणाली. तिला खरंच काही सुचलं नव्हतं.

शनिवारी पहाटे ते डहाणू रोडहून जनरल डब्यात बसले. जिजाने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. वलसाड गेल्यावर तिने डबा उघडला, तेव्हा मनिष उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. वासाची त्याला लाज वाटली. सुरत सोडल्यावर भूक लागली, तसा गुपचूप परत येऊन जेवला.

लॉजवर अडचण आली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, खोली तिघांची आहे, चौथ्याच्या गादीचे वेगळे पैसे पडतील. निधी हिंदीत बोलत त्याला मोबाईलवरचं चौघांच्या नावाचं बुकिंग दाखवत राहिली. तो बघायलाच तयार नव्हता. जिजा पिशवी खाली ठेवून पुढे झाली.

"भाई, चार लखाव्या छे, ने चार ज आव्या छे. गादी क्यां छे, ए बतावो."

त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पोऱ्याला हाक मारून गादी वर पाठवली. जिन्यात मनिष म्हणाला, "आई, तू असं बोलतेस?"

"रोज बोलते."

मॉलमध्ये मनिष सरकत्या जिन्यावरून वर-खाली करत राहिला. काकड्या खाली बाकावर बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियममध्ये उलटं झालं. मुलं पुढे निघून गेली आणि काकड्या सांगाड्यासमोरून हलेना. निधी त्याला बोलवायला परत आली.

"चिखल्याला असाच एक मेलेला किनाऱ्याला लागला होता," तो म्हणाला. "आम्ही पुरायला गेलो होतो. तेव्हा नुसती घाण दिसली. आत हे असं असेल, वाटलं नव्हतं."

मुलांनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. विद्यापीठाची संध्याकाळ मात्र फुकट गेली. रविवार असल्याने फाटक बंद होतं. निधीने गजांमधून घुमटाचा फोटो काढला आणि रात्री जेवेपर्यंत तोच बघत बसली.

सोमवारी सकाळचा वेळ जिजाचा होता. मनातून तिने झोपायचं ठरवलं होतं, पण चारला डोळे उघडले ते परत मिटेनात. तिघं गाढ झोपलेले. उजाडल्यावर तिने साडी नेसली, मोबाईल चार्जिंगला तसाच ठेवला आणि दार ओढून बाहेर पडली. विचारत विचारत ती खंडेराव मार्केटपर्यंत चालत गेली. एक बाई झेंडूचा ढीग निवडत बसली होती. जिजा तिच्या शेजारच्या पायरीवर टेकली.

"एकलां आव्यां?" बाईने विचारलं.

"हा. एकली."

बाईने चहा मागवला, तिलाही दिला. फुलं निवडायला हात पुढे होत होता, पण जिजाने तो पदराखाली धरून ठेवला. लोक येत होते, भाव करत होते. तिला कोणी काही मागत नव्हतं. ऊन पायरीवर येईपर्यंत ती बसून राहिली.

लॉजवर परतली तेव्हा साडेनऊ झाले होते. काकड्या रस्त्यावर उभा होता. निधीचे डोळे लाल झाले होते.

"कुठे होतीस? फोनपण नेला नाहीस! सांगून जायचं ना!"

"तुम्ही झोपला होतात," जिजा म्हणाली. "माझा अर्धा दिवस होता, तो मी घेतला."

निधी आणखी काही बोलणार होती, पण काकड्या म्हणाला, "चला, नाश्ता करू. गाडीला वेळ आहे."

निधीला पुढे बडोद्यात प्रवेश मिळाला नाही. ती वलसाडला नर्सिंगला गेली. जिजाने मालकाकडे महिन्यातून एक सोमवार सुट्टी मागितली. त्याने कुरकुर केली आणि दिली. त्या दिवशी ती एकटीच बसने कुठेतरी जाते. काकड्याने एकदा विचारलं, कुठे जातेस.

"बघून येते," ती म्हणाली.

मागच्या महिन्यात ती दमणला गेली होती. किल्ल्याच्या भिंतीला टेकून बसली, शेंगदाणे खाल्ले आणि ऊन चढल्यावर परत आली.