निजामाचा खानसामा, मुक्काम मंगरूळपीर

वाशीमच्या आमच्या हॉटेलातला हैदराबादी खानसामा हैदराबादचा नव्हता. तो मंगरूळपीरचा होता. हैदराबादची थाप मी मारली होती. जे अजूनही त्या जेवणाची आठवण काढून मिटक्या मारतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठनं मुंबई पाहून आल्यावर स्टेशनच्या रस्त्याला हॉटेल काढलं. संगमरवरी टेबलं, काटे-चमचे, दोरीनं ओढायचा पंखा, सगळं आणलं. स्वयंपाकी तेवढा राहिला. बरं अक्षर आणि मोडकं इंग्रजी एवढ्या भांडवलावर मी तिथं मॅनेजर झालो होतो. बाजारामागच्या बोळातला भट्टीवाला मीच आणून उभा केला. बोळात त्याचं मटणाचं सालन पळसाच्या द्रोणात दोन आण्यांना मिळे. आमच्याकडे चिनी मातीच्या बशीत पडलं की त्याचं 'कोर्मा-ए-निजामी' होई आणि किंमत सव्वा रुपया. बकरं तेच, मसाला तोच. बशी उथळ असल्यानं रस्सा उलट कमीच.

पण बोळातल्या माणसाच्या हातचं सव्वा रुपयाला कोण खाणार? नाटक कंपनीनं टाकून दिलेली एक शेरवानी मी त्याच्या अंगावर चढवली आणि त्याला निजामाच्या मुदपाकखान्यातून आणला.

"चाचा, गिऱ्हाइकासमोर फक्त दरबारी उर्दू बोलायची," मी बजावलं.

"मले कुठं येते दरबारी? माहा बाप शेरडं चारे."

"मग कमी बोला."

दहा-बारा वाक्यं त्यानं मशिदीतल्या मौलवींकडून पाठ करून घेतली. एकच अट घातली. "पण भाऊ, एक दिस सांगजा त्याईले, का हे माह्या हातचं हाय. बोळातून जातानी नाकाले रुमाल लावतेत ना, त्याईलेच."

मी हो म्हटलं. वचन द्यायला काही पडत नव्हतं.

गावातले वकील, डॉक्टर, कचेरीतले हेडक्लार्क येऊ लागले. वकीलसाहेब तर डोळे मिटून म्हणत, "ही चव या मातीत होणे नाही." आत चाचा तोंडावर हात ठेवून हसे.

एका रविवारी दुपारी वकिलांना जबर ठसका लागला. चाचा धावला आणि दरबार विसरून ओरडला, "पानी प्या जी, पानी! काहून येवढ्या घाईनं खाऊन राह्यले?"

पंखासुद्धा थांबला. डॉक्टर मोठ्यानं हसले, "अरे, हा तर बोळातला भट्टीवाला!"

चाचानं माझ्याकडे पाहिलं. तो घाबरला नव्हता. त्याचा चेहरा खुलला होता. 'सांग आता' असंच तो चेहरा म्हणत होता.

मी म्हणालो, "काय डॉक्टरसाहेब! त्या भट्टीवाल्याच्या हातचं तुमच्या घशाखाली तरी उतरेल का? आमचा खानसामा हुशार, सहा महिन्यांत इथली बोली शिकला."

सगळे हसले. चाचानं कमरेत वाकून सलाम केला, "गुस्ताखी माफ, हुजूर." दुसऱ्या दिवशी शेरवानी घडी करून टेबलावर ठेवलेली होती.

त्याच्यामागे वर्षभरात हॉटेल बसलं. नंतर कधीतरी मी वकिलांना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, "पहिल्याच घासाले वळखलं होतं मी. पण बोळात बसून खातानी कोनी पाह्यलं असतं तं? तुमी शेरवानी घातली, आमची सोय झाली."

म्हणजे सव्वा रुपयातले दोन आणे सालनाचे. बाकी सगळे, खुर्चीवर बसून ओळख विसरण्याचे. चव वाखाणताना डोळे का मिटत होते, तेही तेव्हा कळलं.

मी माफी मागायला बोळात गेलो. चाचा एका हमालाला वाढत होता. "अजून रस्सा पाह्यजे काय रे तुले?" मला पाहताच त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसला आणि झुकला.

"तशरीफ रखिए, हुजूर."

"चाचा, माझ्याशी नीट बोला ना. मी चुकलो."

"नोश फरमाइए, हुजूर."

द्रोण पुढे आला, सर्वांच्या आधी. हमाल आमच्याकडे टकमक पाहत राहिला. चाचा त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि मी दर आठवड्याला तिथं जात राहिलो. माझ्याशी तो एक शब्दही वऱ्हाडीतून बोलला नाही.